मालगुजारी तलावांचा काठ

भंडारा-गोंदियाच्या मुलखात कोहळी समाजाने बांधलेले व मालगुजारांच्या अंमलाखाली जोपासले गेलेले तलाव १९५१ साली मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपुष्टात आल्यावर सरकारजमा झाले, आणि पाळीची डागडुजी करणाऱ्या गावाचाच त्यांच्याशी असलेला संबंध शिथिल झाल्याने गाळ साचत गेला व काठावर बेशरम या झुडपाचे रान माजले. वस्तुतः तलावाचे आरोग्य बऱ्याच अंशी या उथळ काठावर अवलंबून असते. तेथील देवधान, कमळे आणि पाण्याखालच्या वनस्पती गाळ धरून ठेवतात, मासळीच्या अंड्यांना आसरा देतात, पाणपक्ष्यांना अन्न पुरवतात. म्हणूनच मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील स्त्रीपुरुषांनी बेशरम मुळासकट उपटून, तळातला चिखल नांगरून तेथे देशी पाणवनस्पती लावल्या, हे कार्य मला काठाच्या दगडी सुशोभीकरणाहून कितीतरी मोलाचे वाटते. मरळ आपले घरटे पाणगवतातच करते, बांधीव भिंतीलगत नव्हे.