अरुंधतीचें छायाचित्र

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं आम्हांस एक नवा कॅमेरा आणून दिला. जन्मभर हातीं खडू धरलेल्या मास्तरास हें यंत्र म्हणजे मोठीच पंचाईत! पहिले कांहीं दिवस त्याची माहितीपुस्तिकाच आम्ही शब्दरूपावलीप्रमाणें घोकीत होतों. फुलें, नातवंडें, तुळशीवृंदावन हें सर्व सोडून आम्ही थेट रात्रीच्या आकाशाकडे वळलों, याचें घरांत सर्वांस नवल वाटलें.

त्यास कारण होतें. दोन वर्षांपूर्वीं पुतणीच्या लग्नांत उपाध्यायांनीं वधूवरांस अरुंधती दाखविली. सप्तर्षींतील शेवटून दुसरा तारा वसिष्ठ. त्यास खेटून ती बारीक तारका. आम्हांस वसिष्ठच तेवढा दिसला, तोहि केंस पसरल्यासारखा. मांडवाबाहेरील दिव्यांचें निमित्त सांगून आम्हीं वेळ मारून नेली. पण आमच्या कुटुंबानें तें ओळखलें. ज्याचें आयुष्य सरत आलें त्यास अरुंधती दिसत नाहीं, अशी जुनी समजूत आहे. हितोपदेशांतील तो श्लोक आम्हींच वर्गांत किती वेळां शिकविला असेल! डॉक्टर मोतीबिंदु म्हणाले. आम्ही शस्त्रक्रियेस आज-उद्यां करीत राहिलों आणि घरांत त्या श्लोकाविषयीं कोणीच बोलेनासें झालें.

पहिले प्रयत्न गच्चीवर झाले व सर्व फसले. मनमाड हें जंक्शन. यार्डांतील दिवे रात्रभर जळतात, त्यामुळें चित्रांत आकाशाऐवजीं पातळ ताकच उतरे. कॅमेरा आपणहून फोकस करूं पाही व अंधारांत चांचपडत राही. शेवटीं उमगलें कीं, येथें यंत्राची स्वयंबुद्धि बंद करून सर्व कांहीं आपणच ठरवावयाचें. एखादा ठळक तारा मागच्या पडद्यावर मोठा करून, तो अगदीं टांचणीच्या टोंकाएवढा होईपर्यंत भिंग हातानें फिरवावें. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबूं नये. ती पुष्कळदां किंचित् चुकते. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवावा, आणि बोटाचा धक्का लागूं नये म्हणून शटर दोन सेकंद उशिरां उघडेल असें करावें.

शटर उघडें किती ठेवावें? पृथ्वी तासास पंधरा अंश फिरते. फार वेळ ठेवल्यास तारे रेघा होतात. ढोबळ नियम असा: भिंगाची लांबी मिलिमीटरमध्यें घेऊन तिनें पांचशेंस भागावें, कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्यास ती लांबी अगोदर दीडपट करावी. आमच्या ३५ मि.मी.स सुमारें साडेनऊ सेकंद आले. ध्रुवाच्या आसपासचे तारे मंद सरकतात, तेथें थोडी सवलत मिळते.

पहिल्यानें तारा छायाचित्रांत सांपडला तो अभिजित्, १७ जुलै १८५० रोजीं, अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत. पुढें १८५७ सालीं तेथेंच जॉर्ज बाँड यानें जोडतारा टिपला, तो नेमका आमचा वसिष्ठ व अरुंधती! हें वाचल्यावर आम्हांस स्वस्थ बसवेना.

चैत्री अमावास्येस चिरंजीवांना घेऊन आम्ही अनकाईच्या पायथ्याशीं गेलों. गांवाचा उजेड उत्तरेस क्षितिजाजवळ राहिला होता. दहाच्या सुमारास सप्तर्षि त्याच्या बरेच वर आले. संवेदनशीलता ३२०० वर ठेवून दहा सेकंद शटर उघडें ठेवलें. तेवढ्यांत दौंडकडे जाणारी मालगाडी धडधडत आली आणि पहिलें चित्र हादरून गेलें. दुसऱ्या चित्रांत चिरंजीवांनीं वसिष्ठ मोठा करून आमच्या डोळ्यांशीं धरला. तेथें दोन ठिपके होते, स्वच्छ, वेगळे. आम्हीं मान वर करून आकाशांत पाहिलें. तेथें अजूनहि एकच होता.

घरीं कुटुंब जागेंच होतें. तिनें तें चित्र पुष्कळ वेळ पाहिलें. मग म्हणाली, "ही यंत्रानें पाहिली. आपण कधीं पाहणार?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हींच नाशिकच्या डॉक्टरांस फोन केला. उजव्या डोळ्याची तारीख पावसाळ्यापूर्वींची मिळाली आहे. तोंवर कॅमेरा तिनें आपल्या कपाटांत कुलुपांत ठेवला आहे, व किल्ली मागण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.