चांदीच्या पंखांवरची काच

नॉर्वेतील डेव्हिड-अँडरसन या पेढीची (स्थापना १८७६) चांदीची फुलपाखरे, म्हणजे कपड्यांना लावायचे ब्रूच, प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पंखांवर दिसतो तो साधा रंग नव्हे, ती काच आहे! धातूंच्या ऑक्साइडांनी रंगवलेल्या काचेची पूड चांदीवर पसरून भट्टीत वितळवतात. हीच मीनाकारी.

खरी परीक्षा निवताना होते. समजा, काच ५०० अंश सेल्सिअसला घट्ट झाली. तेथून २० अंशांपर्यंत येताना ४० मिलिमीटर लांबीचा चांदीचा पंख किती आकसेल?

४० × ०.००००१९ × ४८० = सुमारे ०.३६ मिलिमीटर.

खिडकीची काच मात्र याच्या जेमतेम निम्मी आकसते. एवढ्या फरकाने मीना उडून जाईल किंवा पत्रा वाकेल. म्हणून काचेत सोडा, पोटॅश यांचे प्रमाण वाढवून तिचे आकुंचन चांदीच्या जवळ आणतात. पण किंचित कमीच ठेवतात. त्यामुळे चांदी काचेला सतत दाबून धरते. काच दाब सोसते, ताण सोसत नाही.

तेव्हा असा जुना दागिना उकळत्या पाण्यात बुडवू नका. चांदी काचेपेक्षा जास्त प्रसरण पावेल, काचेवरचा दाब ढळेल आणि जुन्या मीन्याला तडा जाऊ शकेल.