चाळीस एकर आणि एक हरीण

गेल्या दिवाळीत गायगोधनाच्या दुसऱ्या दिवशी मी बिरसीला मामांकडे होतो. गावात मंडईची गडबड सुरू झाली होती. मामींनी चिवड्याच्या बशा पुढे ठेवल्या, तोच अमेरिकेहून धाकट्या मामेभावाचा फोन आला. रामराम झाला, फराळाची चौकशी झाली आणि मग त्याने हळूच विचारले, "बाबा, तळ्याखालची माझ्या वाटणीची बांधी विकली तर काय येईल?"

मामांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. घरात एक माणूस एम. ए. झालेला असला की सगळे अवघड प्रश्न त्याच्या गळ्यात घालायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. तो एम. ए. मराठीत का असेना!

प्रकरण असे होते. हा विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. कचेरीतल्या मित्रांबरोबर दोन-तीन वर्षे तो हरणाच्या शिकारीला गेला आणि त्याला ते वेड लागले. आता स्वतःची जमीन हवी. शिकारीसाठी जमीन घेणे तिकडे नवलाचे नाही. चाळीस एकरांचा एक झाडीचा तुकडा विकाऊ होता. चाळीसच का, असे मी विचारले. तेव्हा कळले की तिकडची बरीच जमीन पूर्वीच चौकोनात मोजून ठेवली आहे. एक मैल लांब, एक मैल रुंद असा चौकोन म्हणजे ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६०, आणि त्याचाही चौथा हिस्सा ४०. आपल्याकडे बांध भावकीच्या भांडणाने वाकडा होतो. तिकडे तो पट्टीने आखलेला!

"चाळीस पुरतील ना?" त्याने मला विचारले. मी मामांकडे पाहिले. मामा सुपारी कातरीत होते. मान वर न करता म्हणाले, "हरणाले का मालूम बाप्पा, तुई हद्द कोठं सरते?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. सुटी संपेपर्यंत मी दुसरे काही वाचले नाही.

मामांचा मुद्दा पुस्तकांनाही मान्य आहे. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा वावर साधारण एक चौरस मैलाचा धरतात. कुठे कमी, कुठे पुष्कळ जास्त. म्हणजे चाळीस एकरांचा मालक त्या हरणाच्या घराचा सोळावा हिस्सा विकत घेतो. उरलेले पंधरा हिस्से शेजाऱ्यांचे. शेजाऱ्याने मका पेरला, तर हरीण तिकडे जेवणार. त्याने चार बंदुका लावल्या, तर तुमचे पाहुणे परत येणार नाहीत. शिवाय जमीन घेतली म्हणून हरीण काही तुमचे होत नाही. ते राज्यातल्या समस्त जनतेचे. परवाना काढायचा तो काढायचाच, आणि बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात अवघा नऊ दिवसांचा!

जर्मनांनी या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच लिहून टाकले आहे. तिथे सलग ७५ हेक्टर, म्हणजे सुमारे १८५ एकर, जमीन असेल तरच ते तुमचे स्वतंत्र शिकारक्षेत्र ठरते. त्याहून कमी असेल, तर गावातल्या इतर मालकांबरोबर सामाईकात या. चाळीस एकरवाल्याला तिथे कोणी एकटे उभे करणार नाही.

आणि आपल्याकडे? आमचा हा मुलूख जमीनदारीचा. बिरसीच्या शेजारचे कामठा हे तर जुने जमीनदारीचे ठिकाण. मामांचे वडील तरुणपणी हाक्याला जात. रान तिन्ही बाजूंनी झोडपीत यायचे, चौथ्या बाजूला मचाणावर पाहुणे. त्या शिकारीला किती एकर लागत, हा प्रश्नच कोणाला पडत नसे. गावेच्या गावे ज्याची, त्याने मोजायचे कशाला? पुढे १९५१ साली त्या वेळच्या मध्य प्रदेशात जमीनदारी संपली. १९६१ साली महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा आला आणि १९७५ मध्ये ती मर्यादा आणखी खाली आली. आज कोरडवाहू जमीनसुद्धा एका कुटुंबाला ५४ एकरांपलीकडे ठेवता येत नाही; भाताच्या जमिनीला त्याहून कमी. शेतकरी नसलेल्याला तर परवानगीवाचून शेतजमीन घेताच येत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, जमीन तुमची असो की तुमच्या आजोबांची, त्यावरच्या चितळाला हात लावाल तर गाठ तुरुंगाशी.

कायद्याची दुसरी बाजू मामी सांगतात. त्यांचे माहेर गोरेगाव तालुक्यात, नागझिऱ्याच्या कडेला. धान पोटरीत आले की चितळांचा कळप रात्री बांधीत उतरतो. मामींचे भाऊ माळ्यावर बसून रात्रभर डबे वाजवतात. मग पंचनामा, अर्ज, भरपाईची वाट. "हरीण पाहायला लोक पैसे देऊन येतात," मामी म्हणाल्या, "आमच्याकडे ती फुकट येतात, अन् जेवूनही जातात." आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत.

शिकारीसाठी किती जमीन लागते, याचा खरा हिशेब आमच्या जिल्ह्यात एकालाच मांडता येईल, आणि तो म्हणजे वाघ. एक वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरे मारतो. कळप खचू नये म्हणून अशी पाचशे तरी जनावरे आसपास नांदावी लागतात, असे वन्यजीवांचे अभ्यासक डॉ. उल्हास कारंत सांगत आले आहेत. नागझिऱ्याचे अभयारण्य १५२ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे सदतीस हजार एकरांवर! तेही अपुरे वाटले म्हणून २०१३ साली नवेगाव आणि आजूबाजूचे रान जोडून व्याघ्रप्रकल्प केला. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या. त्यांनाही कोणी हद्द दाखवली नसणार.

हे सगळे मी मामेभावाला सविस्तर लिहून पाठवले. शेवटी एक गोष्ट मुद्दाम घातली. त्याच्याच राज्यात चेक्वामेगन-निकोले नावाचे सरकारी जंगल आहे, सुमारे पंधरा लाख एकरांचे. परवाना काढून तिथे कोणालाही शिकारीला जाता येते. नऊ दिवसांसाठी चाळीस एकर घेऊन वर्षभर त्याचा कर भरायचा की पंधरा लाख एकर फुकट वापरायचे, हे तूच ठरव. आता खरे सांगतो, माझा सल्ला निःपक्षपाती नव्हता. त्या बांधीच्या धुऱ्यावर आजीने लावलेला आंबा आहे, आणि लहानपणी तिथून आम्ही बिरसीच्या धावपट्टीवर उतरणारी विमाने मोजत असू.

आठ दिवस उत्तर आले नाही. मामा रोज विचारीत नव्हते; पण फोन वाजला की सुपारी कातरायची थांबत, असे मामींकडून कळले.

डिसेंबरात एक फोटो आला. पांढऱ्याशुभ्र बर्फात खुरांची एक रांग उमटलेली, आणि खाली एवढेच: "सरकारी जंगल. नऊ दिवस. दिसले नाही." मामांनी चष्मा पुसला, फोटो बोटांनी मोठा केला, खुरांमधले अंतर न्याहाळले आणि म्हणाले, "मादी हाय. मांगं पिल्लू हाय तिच्या."

यंदा तळ्याखालच्या बांधीत रोवणा वेळेवर झाला. पुढच्या वर्षाचे तो काही बोललेला नाही.