नुसत्या काड्या द्या, खेळ मुलंच करतील

आठवडी बाजारात पोर गाडीसाठी हट्ट धरतं. आपण ५० रुपये मोजतो. दोन दिवसांत चाक निखळतं आणि गाडी कोपऱ्यात पडते. आमच्या गटातही घरोघरी हेच होतं.

लहानपणी आपण ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करायचो. साल सोलून आतल्या भेंडात सालीच्या काड्या खोचायच्या. चाक फिरलं नाही, तर पुन्हा करायचं.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली खेड्यातल्या शाळांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथं अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन खेळ तयार केला. तुम्हीही करून बघा. काड्यांचं गुल खरडून टाका. नळीच्या तुकड्यांनी चार काड्या जोडा. चौकोन दाबला की वाकतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. मग पत्र्याखालच्या कैचीत त्रिकोण का असतात, ते पोराला आपोआप उमगतं.

अडलं तर लगेच हात घालू नका. थोडं झगडू द्या.

पण एक लक्षात ठेवू या. कमी करायचं ते विकतचं खेळणं. दूध, औषध, वही-पुस्तक नव्हे. आणि मुलाला बाजारची गाडी, मुलीला मात्र ‘तू भागव’, असंही नको. काड्या दोघांना सारख्याच द्या.

पुढच्या बैठकीला येताना मुलांनी केलेलं काहीतरी घेऊन या. आम्हीही आणतो.