कीव नको, करुणा हवी

वस्तीत एखाद्या घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की पहिले आठ दिवस दारात चपला मावत नाहीत. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो. पुढे औषधाची चिठ्ठी वाढत जाते, घरभाडे थकते, पोरीच्या शिकवणीची फी राहते. पण त्या घरची माउली कोणाला काही सांगत नाही. मागायला तिला लाज वाटते. शेवटी ती व्याजाने पैसे काढते आणि घर कर्जात बुडते.

बंधू-भगिनींनो, आपल्या माणसांत माया नाही असे नाही. ती मागितल्याशिवाय पोहोचत नाही, हे आपले दुखणे आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. मग त्यांनी सर्व भिक्खूंना एकत्र बोलावून समज दिली. इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजाऱ्याची सेवा कोणी करायची, हेही त्यांनी ठरवून दिले. आधी गुरूने, शिष्याने, सोबत्याने. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने. करुणा कोणाच्या मर्जीवर न ठेवता त्यांनी तिचे कर्तव्य केले.

बाबासाहेबांनी हेच कायद्याच्या मार्गाने केले. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा व भत्ता देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी ठामपणे त्याची बाजू घेतली. 1929 साली कायदा झाला. बाळंतिणीची विश्रांती मालकाच्या दयेवर राहिली नाही, ती तिचा हक्क झाली.

असा आधार नसला म्हणजे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला. बायकांनी भाजी विकून, डबे करून, धुणीभांडी करून चुली पेटत्या ठेवल्या. तरी कितीतरी पोरांच्या शाळा सुटल्या. 2020 च्या टाळेबंदीत नाका कामगार आणि घरकाम करणाऱ्या भगिनींवर तीच पाळी आली.

मग आपण काय करावे? पन्नास घरांनी महिन्याला वीस-वीस रुपये काढले तर महिन्याचे हजार आणि वर्षाचे बारा हजार होतात. दोन भगिनी व एका बांधवाने वही सांभाळावी. दर महिन्याला वंदनेनंतर हिशोब वाचून दाखवावा. मात्र मदत घेणाऱ्याचे नाव वाचू नये. पैसा नसेल त्याने वेळ द्यावा. शिकलेल्या मुलाने आजाऱ्याबरोबर इस्पितळात जावे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद भरून द्यावेत. शेजारणीने त्या घरची मुले चार दिवस आपल्या पंगतीला बसवावीत. हा कुठल्या गटाचा, तो कुठल्या पक्षाचा, हे त्या दारात विचारू नये.

आज ज्याने घेतले, तो उद्या दुसऱ्यासाठी उभा राहील. म्हणून घेण्यात कमीपणा नाही आणि देण्यात उपकार नाही.

येत्या रविवारी विहारात जाताना एक कोरी वही घेऊन जा. पहिले नाव आपलेच लिहा. आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून ज्या दारातून परत आलात, त्या दारात संध्याकाळी पुन्हा एकदा जाऊन या.