अनुभव किती, आणि कशाचा?

बीड-अंबाजोगाईच्या बीसीए, बीसीएस पदवीधरांना जाहिरातीतली ‘एक-दोन वर्षांचा अनुभव’ ही अट अडवते. पण टीसीएस, इन्फोसिस बिनअनुभवी मुले थेट कॅम्पसमधून घेऊन स्वतःच शिकवतात. म्हणजे खरी अडचण वर्षांची कमी, तो कॅम्पस लांब असण्याची जास्त. अनुभव मिळवण्याची एक वाट म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण: राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरले, मूळ मुदत सहा महिने. सहा महिन्यांच्या अनुभवाने काय होणार, हा आक्षेप नुसती डेटा एंट्री केली तर रास्तच. मात्र त्याच काळात ग्रामपंचायतीची पाणीपट्टीची थकबाकी गल्लीनिहाय दाखवणारी छोटी प्रणाली लिहिली, तर मुलाखतीत उघडून दाखवायला काहीतरी असते. अर्जांची पहिली चाळणी वर्षेच मोजते, हे खरे. तिथे पुण्यात आधी रुजू झालेल्या गाववाल्याची शिफारस अजूनही कामाला येते.