विश्वजालाच्या इतिहासाचीं साधनें

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या वाड्यांतील दप्तरें धुंडाळलीं आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले, ही गोष्ट मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. वाळवी, पाऊस आणि वाण्याची पुडी हे कागदाचे शत्रू खरे. तरीहि दोनशे वर्षांचा कागद एखाद्या माळ्यावर स्वस्थ पडून राहूं शकतो. विश्वजालावरील, म्हणजे वेबवरील, पानाचें तसें नाहीं. ज्या यंत्रावर तें ठेवलेलें असतें त्याचें भाडें थकलें किंवा चालकाचें मन पालटलें, कीं तें त्याच घटकेस नाहींसें होतें. अमेरिकेंतील प्यू या संशोधनसंस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०१३ सालच्या पानांच्या नमुन्यांतील शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनंतर उघडत नव्हतीं, असें आढळलें. पेशवे दफ्तराचा एवढा हिस्सा दहा वर्षांत नष्ट झाला असता तर केवढा हाहाकार उडाला असता!

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे रस्ते. वेब म्हणजे त्या रस्त्यांवरून ये-जा करणाऱ्या आणि एकमेकांकडे बोट दाखविणाऱ्या पानांची व्यवस्था. रस्ते अगोदर झाले. भारतांत शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना जोडणारें ‘अर्नेट’ १९८६ सालींच सुरू झालें होतें. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंत मार्च १९८९ मध्यें मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या कोणतेंहि शुल्क न घेतां सर्व जगास मोकळी करून दिली, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें भारतांतील सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेटचें दार उघडलें.

मौज अशी कीं, जगांतील पहिल्या वेबपानाचें मूळ रूप खुद्द सर्नपाशीं उरलें नाहीं. तें पान वारंवार सुधारलें जाई आणि प्रत्येक सुधारणा मागचें रूप पुसून टाकी. २०१३ मध्यें शोधास आरंभ झाला तेव्हां सर्नजवळ १९९२ ची प्रत होती. १९९१ मधील एक प्रत निघाली ती अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे पॉल जोन्स यांच्या संग्रहीं. धन्याच्या घरीं नसलेला कागद पाहुण्याच्या पेटींत सांपडावा, हा जुन्या दप्तरांचाच अनुभव येथेंहि आला.

आतां हा अभ्यास प्रत्यक्ष कसा करावा हें पाहण्यासाठीं धाराशिव जिल्ह्यांतील माकणी हें गांव घ्यावें. लोहारा तालुक्यांतील हें गांव तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणामुळें ओळखलें जातें. सर्ननें वेब मोकळें केल्यास बरोबर पांच महिने झाले त्या दिवशीं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, तीन वाजून छपन्न मिनिटांनीं या मुलखांत किल्लारीचा भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. माकणीच्या परिसरांतील सास्तूर उद्ध्वस्त झालें. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. त्या दिवशीं येथें वेब कोणासहि ठाऊक नव्हतें. म्हणून या भूकंपाविषयीं वेबवर जें जें आहे, तें सारें मागाहून चढविलेलें आहे. अभ्यासकानें प्रत्येक पानापुढें तीन प्रश्न ठेवावेत: गोष्ट केव्हां घडली, ती कोणीं केव्हां लिहिली, आणि तें लिखाण वेबवर केव्हां आलें? माकणीच्या जलाशयामुळें भूकंप ओढवला कीं काय, अशी शंका कांहीं शास्त्रज्ञांनीं घेतली आणि इतरांस ती पटली नाहीं. तो वाद आज वाचतांना तिन्ही तारखा वेगळ्या न ठेवल्या, तर मागाहून सुचलेलें मत त्या वेळचा पुरावा समजण्याची चूक सहज होते.

दुसरी अडचण नांवांची. किल्लारी आज लातूर जिल्ह्यांत आहे. पण लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेंतून वेगळा झाला. त्यामुळें १९७२ च्या उस्मानाबाद गॅझेटियरांत, जें आतां वेबवरहि वाचतां येतें, लातूरकडील मुलूख उस्मानाबादेंतच मोडतो. लोहारा हा तालुकाहि अलीकडचा; जुन्या कागदांत माकणीचा शोध उमरगा तालुक्यांत घ्यावा लागतो. २०२३ मध्यें जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें. शोधयंत्राला हा इतिहास आपण होऊन उमगेलच असें नाहीं. ‘धाराशिव’ एवढेंच लिहून शोधणाऱ्याच्या हातून तीस वर्षांचीं पानें निसटण्याचा संभव आहे. शिवाय रोमन लिपींत या गांवाचें नांव कोणी एका तऱ्हेनें लिहितो, कोणी दुसऱ्या. आणि माकणी नांवाचीं गांवें इतरत्रहि आहेत.

सर्वांत मोठें नुकसान मात्र लिपीमुळें झालें आहे. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ पासून स्थान होतें. भारतीय मानकहि त्याच वर्षीं निघालें. पण घरोघरच्या संगणकांत त्याची सोय येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंवर मराठी पानें एका युक्तीनें लिहिलीं जात. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेला टंक, म्हणजे फॉन्ट, करावयाचा आणि तो वाचकानें आपल्या संगणकांत घालावयाचा. एका टंकांत ‘क’ ज्या चिन्हावर बसे, दुसऱ्यांत त्याच चिन्हावर भलतेंच अक्षर असे. तो टंक आज नसेल तर पान जसेंच्या तसें जपलेलें असूनहि डोळ्यांपुढें निरर्थक रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मोडी न येणाऱ्यापुढें मोडी कागद ठेवावा तसाच हा प्रकार; फरक इतकाच कीं मोडीची किल्ली एकच आहे, येथें टंकागणिक किल्ली निराळी! अशा पानांत माकणीचा उल्लेख असला तरी शोधयंत्रास तो सांपडावयाचा नाहीं. हे जुने टंक जपून ठेवणें हें पानें जपण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे, आणि त्याकडे फारच थोड्यांचें लक्ष आहे.

हरवलेलीं पानें पाहण्याचें मुख्य ठिकाण म्हणजे ब्रूस्टर काल यांनीं १९९६ मध्यें अमेरिकेंत स्थापलेलें इंटरनेट आर्काइव्ह. त्याचें ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सर्वांस खुलें आहे. पानाचा जुना पत्ता दिला कीं निरनिराळ्या दिवशीं घेतलेल्या नकला पुढें येतात. मात्र नकलेंतील मजकूर एका दिवशींचा आणि त्यांतील चित्र दुसऱ्या दिवशींचें, असें होऊं शकतें. आणि नक्कल नाहीं म्हणून पानच नव्हतें, असें अनुमान काढणें अगदींच चुकीचें. याउलट १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक फेरफार तारखेसह टिपलेला असतो. लेखांतील कोणतें वाक्य कोणत्या दिवशीं आलें तें तेथें कळतें. तें खरें कीं खोटें, हें अर्थात् निराळ्या मार्गानें तपासावें लागतें.

मराठी वेबचा आरंभ महाराष्ट्राबाहेरहि शोधावा लागतो. ‘मायबोली’ हें संकेतस्थळ १९९६ मध्यें अमेरिकेंतील मराठी माणसांनीं सुरू केलें. इकडे १९९८ मध्यें वारणानगरच्या आसपासचीं सत्तर गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना निघाली. शहरांतील, परदेशांतील आणि ऊसपट्ट्यांतील हे तीन आरंभ एकमेकांपासून फार दूरचे होते.

माकणीसारख्या गांवीं बहुतेकांची वेबशीं ओळख झाली ती भ्रमणध्वनीवर, विशेषतः २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर. आणि भ्रमणध्वनींतील खाजगी निरोप, लग्नांच्या चित्रफिती, बाजारभावांचे गट, यांतील जवळ जवळ कांहींच संग्रहालयांत जात नाहीं. येथें माणसांनाच विचारलें पाहिजे. तालुक्याच्या गांवीं सायबर कॅफेंत बसून पहिला निकाल पाहणारीं मुलें आज चाळिशींत आहेत. त्यांनीं तेव्हां तासाला किती पैसे मोजले, कोणता पत्ता लिहिला, कॅफेवाल्यानें काय शिकविलें, पडद्यावरचें मराठी वाचतां आलें कीं नाहीं, हें सारें नांव आणि तारीख घालून वहींत उतरून घ्यावें. आणि ज्या पानाचा उल्लेख होईल त्याचा पूर्ण पत्ता त्याच ओळींत लिहावा, म्हणजे पुढें तें पान शोधतां येईल.